कार्डाची मागची बाजू

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या नारायण पेठेतल्या वाड्याच्या पुनर्विकासाचा करार एकदाचा सह्या-शिक्क्यांनिशी पुरा झाला आणि तीन पिढ्यांचे सामान खाली उतरवण्याचे काम माझ्या वाट्याला आले. भाऊ परगावी, वहिनीचे गुडघे दुखतात, आणि मी बँकेतून निवृत्त झालेली; म्हणजे घरच्यांच्या हिशेबी रिकामीच. माळ्यावरून पितळेचे डबे निघाले, फासळ्या मोडलेला पाळणा निघाला, कुणाच्या तरी मुंजीतली चौरंगाची जोडी निघाली. रद्दीवाला काटा घेऊन दारात बसलाच होता. त्याच्या ढिगात जाता जाता एक जाड पुठ्ठ्याची वही माझ्या हाती लागली. माझी आणि भावाची तिकिटांची वही.

लहानपणी आम्हा दोघांना तिकिटे जमवण्याचा नाद होता. वहीच्या एका पानावर भावाच्या अक्षरात 'इंडिया, जुनी' असा मथळा आणि खाली ओळीने चिकटवलेले पंचम जॉर्जचे अकरा चौकोन. ही सुटी तिकिटे नव्हेत. पोस्टकार्डावर छापलेले तिकीट आम्ही कात्रीने कापून घेतले होते. पन्नास वर्षांत डिंक म्हातारा झाला होता. एक चौकोन बोट लागताच सुटून आला, आणि मी तो सहज उलटा केला.

मागे काळपट निळ्या शाईत बारीक, टपोरे अक्षर. पहिल्या ओळीच्या आरंभी 'चि.' एवढेच. दुसऱ्या ओळीतले काही लागेना. तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला 'डू नको'. शब्दाचे पहिले अक्षर आदल्या ओळीच्या शेवटी राहिले असणार, आणि ती ओळ आमच्याकडे नाही. ती बंबात गेली.

ती कार्डे ताईआजीची. ताईआजी म्हणजे माझ्या आजीची धाकटी बहीण. नवव्या वर्षी लग्न आणि बाराव्या वर्षी वैधव्य, ही त्या काळची नेहमीची कथा. वेगळे घडले ते एवढेच, की तिच्या थोरल्या भावाने तिला सोवळ्यात न बसवता हिंगण्याला अण्णासाहेब कर्व्यांच्या आश्रमात नेऊन सोडले. तिथे ती शिकली आणि पुढे महिला विद्यापीठाची पदवीधर झाली. ती पदवी बी.ए. नव्हती. कर्व्यांच्या विद्यापीठाची पदवी होती 'गृहीतागमा', थोडक्यात जी.ए.; आणि तिच्यापुढची 'प्रदेयागमा', म्हणजे पी.ए. घरातली पुरुषमंडळी तिला थट्टेने 'आमच्या जी.ए.' म्हणत. पुढे कॉलेजात जी. ए. कुलकर्णींचे नाव मी प्रथम ऐकले, तेव्हा डोळ्यांसमोर नऊवारीतली ताईआजीच उभी राहिली होती.

शिक्षण संपल्यावर ताईआजी तालुक्याच्या गावी मुलींच्या शाळेत शिकवायला गेली. हिंगण्याला तिला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या तिला कार्डे लिहीत, आणि हीही त्यांना लिही. हे पुष्कळ वर्षे चालले. आलेली कार्डे ती तारीखवार लावून, सुतळीने बांधून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवीत असे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावरचे सगळे वाहून गेले, पण ट्रंक माडीवर होती म्हणून वाचली. १९६९ साली ताईआजी गेली. त्यापुढच्या थंडीत बंब पेटवायला रोज कागद लागे. जुनी कार्डे चांगली खडखडीत जळतात, असा शोध कुणाला तरी लागला. तिकिटे आधी कापून घ्या, एवढी सवलत आम्हा मुलांना मिळाली. मी दहा वर्षांची होते. एकीकडे तिकीट मिळे, दुसरीकडे आंघोळीला कढत पाणी. पुरातून वाचलेला गठ्ठा आम्ही महिन्याभरात संपवला.

एवढा घरगुती पश्चात्ताप सांगण्यासाठी रविवारच्या पानाची जागा अडवू नये, हे मला कळते. पण ती वही हातात आल्यापासून एक गोष्ट मनातून जात नाही. मुलींच्या उच्च शिक्षणाचा आपल्याकडचा आरंभ आपण ज्या पत्रांवरून जाणतो, ती पत्रे बहुतेक आपण जपलेलीच नाहीत. ती दुसऱ्यांनी जपली.

पंडिता रमाबाईंचे पाहा. १८८२ साली त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि १८८३ साली इंग्लंडला गेल्या. १८८४ ते १८८६ या काळात त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात होत्या. स्वतः शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. मुख्याध्यापिका होत्या डोरोथिया बील. मुलींना पोरींचे शिक्षण नव्हे, पुरे शिक्षण द्यायचे, या हट्टाने त्यांनी ते कॉलेज जवळपास अर्धशतक चालवले आणि १८९३ साली ऑक्सफर्डला सेंट हिल्डाज काढले. अशा दोन शिक्षिकांमधला पत्रव्यवहार आज आपल्याला वाचता येतो. रमाबाईंनी तरुण पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, असा प्रश्न तिथे निघाला. हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. त्याने तिकडे बाईची पत राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यावर रमाबाईंनी बीलबाईंना जे लिहिले त्याचा आशय असा, की माझ्या आईने किंवा मी तरुणांना शिकवण्याला माझ्या वडिलांनी कधी हरकत घेतली नाही, माझ्या पतीनेही घेतली नाही; आता ती इंग्रज माणसे घेतात याचे मला नवल वाटते.

सव्वीस-सत्तावीस वर्षांची विधवा, कडेवर लहान मुलगी, परका देश, नुकतीच शिकलेली इंग्रजी, आणि ज्यांच्या आश्रयावर राहायचे त्यांनाच हे सुनावणे! हे कुठल्या अहवालात आले असते? कॉलेजच्या अहवालात फार तर 'संस्कृतच्या अध्यापनाची सोय करण्यात आली' एवढे वाक्य आले असते.

ही पत्रे राहिली ती वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्यामुळे. रमाबाईंचे आणि त्यांचे सारखे वाजत असे. धर्ममतांवरून वाजे, तसे खाण्यापिण्यातल्या सोवळेपणावरूनही वाजे. जेराल्डिनबाईंनी पत्रे एकत्र केली, त्यांवर स्वतःचे शेरेही लिहिले, आणि ते शेरे दर वेळी उदार नाहीत. पण त्यांनी एकही पत्र बंबात घातले असे दिसत नाही. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली तो पत्रव्यवहार छापला, तेव्हा शिष्येवर नाराज असलेल्या गुरूने जपलेल्या कागदांतून शिष्याच खणखणीत बोलताना ऐकू आली.

आनंदीबाई जोशींचेही तेच. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंना त्या पत्रे लिहीत आणि त्यांना मावशी मानत. ती पत्रे कार्पेंटरबाईंनी ठेवली, म्हणून कॅरोलिन डॉल यांना १८८८ साली आनंदीबाईंचे चरित्र लिहिता आले. जून १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाईंनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी लिहिलेले पत्र आजही फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दप्तरखान्यात आहे. ते महाविद्यालय १८५० साली निघालेले. म्हणजे त्यालाही तेव्हा तेहतीसच वर्षे झाली होती. माझ्या देशातल्या बायकांना जी वैद्यकीय मदत हवी आहे आणि जी त्या पुरुष डॉक्टरकडून घेणार नाहीत ती देण्यासाठी मला शिकायचे आहे, असे त्या मुलीने त्यात सांगितले. ११ मार्च १८८६ रोजी ती डॉक्टर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारली. त्या दोन तारखांमध्ये वर्षही भरत नाही. पण ते अर्जाचे पत्र एकशे चाळीस वर्षे टिकले आहे.

तिसरे उदाहरण तर आणखी बोलके आहे. कॉर्नेलिया सोराबजी पुण्यात वाढल्या, डेक्कन कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थिनी ठरल्या. इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मुलीला मिळेना, तेव्हा तिकडच्या हितचिंतकांनी पैसे जमवले आणि १८८९ साली त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या. सॉमरव्हिल तेव्हा दहा वर्षांचे होते. १८९२ साली त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. बाईला पदवी द्यायला ऑक्सफर्डला १९२० साल उजाडावे लागले आणि कॉर्नेलियाबाईंच्या हाती ती १९२२ मध्ये पडली. या काळात त्या आईवडिलांना घरी नेमाने पत्रे लिहीत होत्या. म्हणजे ही पत्रे पुण्यात आलेली! त्यांच्या आई इथेच व्हिक्टोरिया हायस्कूल चालवत होत्या. ती पत्रे आज कुठे आहेत? लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत.

यात इंग्रजांची थोरवी सांगण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्याकडे मठाला दप्तर होते, कॉलेजला दप्तर होते, आणि कागद आला की तो क्रमाने लावायचा ही सवय होती, एवढेच. आणि कागदाची सवय पुणेकराला नाही, असे तरी कुठे आहे? इतिहासाचार्य राजवाडे जुन्या दप्तरांसाठी गावोगाव वणवण हिंडले. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, १९१० साली इथे भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. पेशवे दप्तरात तर कागदांचा डोंगर आहे. कुठल्या मोहिमेत घोड्यांना किती चंदी लागली, हे आपल्याला सांगता येते. पण कर्व्यांच्या विद्यापीठात शिकलेल्या मुलीने पहिल्या पगारातून काय घेतले, आणि शाळेच्या कमिटीने तिला काय ऐकवले, हे सांगायला आपल्याकडे कागद किती आहेत?

आणि हा प्रश्न केवळ हळवेपणाचा नाही. १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू झाले ते पाच विद्यार्थिनींनिशी. कर्व्यांच्या मनात ते बीज पडले तेही पोस्टानेच. जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांना टपालाने आली होती. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ती कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी विद्यापीठ काढले. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती, रँग्लर परांजपे कुलगुरू. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा, इंग्रजी सक्तीचा विषय, आणि मुलींसाठी म्हणून खास आखलेला अभ्यासक्रम. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव विद्यापीठाला लागले. १९३६ साली मुख्य कचेरी मुंबईला गेली. सरकारी कायद्याची मान्यता मिळाली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने, १९५१ पासून. म्हणजे ताईआजीची जी.ए. तिच्या नोकरीची जवळजवळ सगळी वर्षे सरकारमान्य नव्हती.

त्या वेळी एक वाद झाला, आणि तो अजून मिटलेला नाही. बायकांना वेगळे विद्यापीठ, वेगळा अभ्यासक्रम, वेगळ्या नावाची पदवी देणे, हे त्यांच्यासाठी दार उघडणे होते की त्यांना मागच्या दाराने आत घेणे? एका बाजूचे म्हणत, मुलांच्याच कॉलेजात, त्याच परीक्षेला मुली बसू द्या. कमी प्रतीचे शिक्षण त्यांच्या गळ्यात मारू नका. दुसऱ्या बाजूचे म्हणत, तेवढे थांबलो तर हजारो मुलींचे आयुष्य चुलीपाशी सरेल. आज जे देता येईल ते द्या. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. माझ्या मते कर्व्यांचा हिशेब व्यवहारी होता, आणि व्यवहारी हिशेबाला मी बँकेतली बाई नावे ठेवणार नाही. पण हे माझे मत झाले. त्या वादात जे बोलले ते बहुतेक पुरुष होते, आणि ज्यांच्या गळ्यात ती पदवी पडली त्यांचे म्हणणे सभेच्या वृत्तान्तात नाही. ते कार्डांवर होते. ताईआजीला आपली जी.ए. मिरवावीशी वाटे की लपवावीशी, हे तिने कुणाला सांगितले असेल तर त्या बाईंना सांगितले असेल. आणि बाईंनी तिला उत्तर दिले असेल, की '—डू नको'.

बँकेत मी अडतीस वर्षे काढली. आम्हाला १९८५ चा नियम असे: काही कागद ५ वर्षे ठेवायचे, काही ८ वर्षे, मग यादी करून, सही घेऊन नष्ट करायचे. खातेवहीत नुसता आकडा असतो. तो आकडा का पडला, हे व्हाउचर सांगते. तपासनीस आला की तो आधी व्हाउचर मागतो. संस्थांचे अहवाल, स्मरणिका, शतकमहोत्सवी ग्रंथ ही सगळी खातेवही झाली. इतक्या विद्यार्थिनी, इतकी देणगी, इतकी वसतिगृहे. एकेका आकड्यामागचे व्हाउचर म्हणजे ही पत्रे, आणि ती आपण यादी न करता, सही न घेता नष्ट करत आलो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मोलाचा आहे. दुसऱ्याची पत्रे वाचणे सभ्यपणाचे नाही. त्या बायकांनी ती आपल्यासाठी लिहिली नव्हती. खरे आहे. कार्ड १८७९ साली आले तेव्हा एका पैशाला मिळे, १९२२ पासून अर्ध्या आण्याचे झाले. स्वस्त म्हणून बायका कार्ड लिहीत, आणि पोस्टमनापासून दिरापर्यंत कुणीही वाचील हे जाणून लिहीत. मनातले त्या आडून लिहीत. तेव्हा त्यांची आब राखलीच पाहिजे. पण आब राखणे आणि जाळणे या दोन गोष्टी एक नव्हेत. बँकेतल्या लॉकरमध्ये काय आहे हे आम्हाला कधी ठाऊक नसे, म्हणून आम्ही लॉकर भंगारात काढला नाही. गठ्ठा बांधा, वर लिहा की अमुक सालापर्यंत उघडू नये. ज्यांना दुखावेल ती माणसे तोवर गेलेली असतील, आणि ज्यांना कळायला हवे ती जन्मलेली असतील.

पुण्यात सध्या दर आठवड्याला कुठला तरी वाडा उतरतो आहे. म्हणून घराघरांतल्या मंडळींना माझे सांगणे थोडके आहे. जुनी पत्रे निघाली तर ती कुणाची, कुणाला, हे घरातल्या सगळ्यांत वडील माणसाला विचारून आजच पेन्सिलीने वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. उद्या सांगणारे नसेल. त्यातले लाजिरवाणे पान फाडू नका. तिकिटे कापू नका. घरी ठेवायला जागा नसेल, आणि दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये ती नसतेच, तर एखाद्या संस्थेला द्या. निदान मोबाइलवर फोटो काढून प्रत तरी ठेवा. आणि मुलींच्या शाळा-कॉलेजांना एवढेच, की माजी विद्यार्थिनींच्या मेळाव्यात जेवणावळीच्या जोडीला एक कपाट ठेवा. एका कुलुपाच्या कपाटाला काही ठाकरसींची देणगी लागत नाही.

आपल्या काळाचे तर आणखी कठीण. तार २०१३ साली बंद झाली. कार्ड मिळते, पण लिहितो कोण? आजची प्राध्यापिका आपल्या विद्यार्थिनीला धीर देते तो फोनवरच्या निरोपात, आणि फोन बदलला की तो निरोप जातो. त्याला बंबही लागत नाही.

मी कादंबऱ्या लिहिते. ताईआजीच्या बाईंचे ते कार्ड मला रचता येईल; त्या काळची भाषा मला येते, कदाचित चांगलेही उतरेल. गेले वर्षभर तो मोह होतो आहे आणि मी तो आवरते आहे. कारण मी लिहिले तर बाई माझ्या मनातलेच बोलतील, आणि खरोखर काय बोलल्या हे कळण्याची उरलीसुरली इच्छाही बुजेल. भावाला फोन करून ते अक्षर सांगितले. तो म्हणाला, "रडू नको असेल." मी म्हणाले, "सोडू नको असेल." वहिनी मागून म्हणाली, "शाळेच्या कमिटीशी भांडू नको, असं असेल." तिघांचेही बरोबर असू शकते. ते ठरवणारे एक अक्षर आम्ही एका सकाळी पाणी तापवायला वापरले.

त्या दिवशी वही बाजूला ठेवून मी दारात आले, तेव्हा रद्दीवाल्याच्या काट्यावर एक कापडी पिशवी चढली होती. आईला तिच्या मैत्रिणींनी लिहिलेली निळी अंतर्देशीय पत्रे. ती मीच सकाळी नीट न पाहता काढून दिली होती. मी पिशवी उचलून घेतली. त्याने एकवार माझ्याकडे पाहिले आणि हिशेबातून दोन किलो कमी केले.